बंद रानातल्या लेंड्या

सायखेड्याच्या खालच्या अंगाला गोदाकाठी बाभळीचं बन आहे. तिथे करकोचे परत घरटी करायला लागले, तेव्हा लोक माझं नाव घ्यायला लागले. ते नाव कुसाबाईचं आहे, म्हणून हे सांगायला बसलो.

मी जात्याच संशयी. माझी बायको सलिमा म्हणायची, तुमच्या दारात फरिश्ता आला तरी तुम्ही आधी त्याची झडती घ्याल. त्यात जंगलखात्यात शिपाई, मग काय! कोळशाच्या ठेकेदारांनी ते बन पार बोडकं केलं होतं आणि पाखरं दुसरीकडे गेली होती. १९३४ साली खात्याने ते रान चराईला बंद केलं, चर मारून बाभळीचं बी पेरलं. नाशिकच्या साहेबांनी मला बजावलं, अन्सार, एक शेळी आत शिरली तर तुझा पट्टा उतरवतो.

शेळी म्हणजे कोवळ्या रोपांची वैरीण. आणि रानाच्या कडेला राहत होती कुसाबाई, सात शेळ्या घेऊन. पन्नाशीची, एकटी, तोंडाने फटकळ. नवरा गेल्यावर त्या शेळ्यांवरच तिने दिवस काढले. उन्हाळ्यात शेळ्या जगायच्या बाभळीच्या शेंगांवर. बन गेल्यापासून ती दोन कोस चालून शेंगा आणायची. म्हणजे माझ्या रानावर हिचा डोळा असणारच, असं मी धरून चाललो.

ज्येष्ठात एका सकाळी बंद रानात लेंड्या दिसल्या. एकदोन नव्हे, जागोजागी ओंजळ-ओंजळ. माझं टाळकंच सटकलं. खूर उमटलेत का, पाला ओरबाडलाय का, हे बघायचं काही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी कुसाबाई पाठीवर पोतं घेऊन कुंपणापाशी सापडली. पोतं झटकलं, तर आत लेंड्या! शेळ्या चारून वर पुरावा वेचून नेतेय, केवढी बेरकी बाई, असं मला वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं.

"येचत नाय बाबा, पेरतेय," ती म्हणाली. "शेळीच्या पोटातनं आलेलं बी लवकर उगवतं. तुमचं बी लय टणक, ते नुसतं पडून राहील."

मी हसलो. शेळी कधी रान वाढवते का? चोराच्या उलट्या बोंबा, म्हटलं, आणि सातही शेळ्या कोंडवाड्यात घातल्या.

दंड भरला असता तर सुटल्या असत्या. पण ती हटून बसली. दंड भरला म्हणजे चोरी कबूल केली, म्हणायची. गावच्या कारभारी पाटलांनीही समजावलं, ऐकेना. रोज येऊन कोंडवाड्याच्या दाराशी बसायची. तिचा आवाज आला की शेळ्या ओरडायच्या. मला तेही नाटक वाटायचं. मुदत संपली, लिलाव झाला, येवल्याकडचा एक व्यापारी शेळ्या हाकत घेऊन गेला. कुसाबाई वेशीपर्यंत त्यांच्यामागे गेली आणि परत आली.

श्रावणात साहेब यायचे होते, म्हणून मी आधी रान फिरून आलो. खात्याच्या चरांत एक कोंब नव्हता. आणि जिथे जिथे लेंड्या पडल्या होत्या, तिथे बोट-बोट उंचीच्या बाभळी, झुबक्याझुबक्यांनी. एक उपटून पाहिली, मुळाशी लेंडीचा चुरा. साप साप म्हणून भुई थोपटली होती मी, आणि तीही कुणाची!

साहेबांनी येऊन माझी पाठ थोपटली. पट्टा जाईल म्हणून मी गप्प राहिलो. त्याची लाज अजून वाटते.

संध्याकाळी तिच्या दारात गेलो. म्हटलं, "मावशी, उगवलं."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. किती, विचारलं तिने. तू टाकलंस तिथे सगळीकडे, मी म्हणालो. तिने सूप बाजूला सारलं.

"अर्धं रान ऱ्हायलंय अजून," ती म्हणाली. "फुडल्या साली लेंड्या कुठनं आणू?"

बाजाराच्या दिवशी मी पदरचे पैसे घालून दोन शेळ्या घेतल्या आणि तिच्या अंगणात नेऊन उभ्या केल्या. तिने दाव्याला हात लावला नाही. शेळ्यांकडे बघितलं, मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मी आजवर सगळ्यांना न्याहाळत आलो तसं.

"ह्या कुणाच्या कोंडल्यास?" तिने विचारलं.