पोटावरचे तीन डाग

नंदनवन वस्तीतल्या एका दवाखान्यात सावनेरचा एक माणूस माह्या बाजूले बाकावर बसला होता. नाव मी विचारलं नाही. मांडीवर तीन महिन्यांचं पोरगं होतं. त्याची दोन्ही पावलं त्यानं मुठीत घट्ट धरली होती, जसं कोणी पोराले ओढून नेणार आहे.

पोराची सुंता करून घ्यायले त्या माणसाच्या मायनं दोघायले आणलं होतं. ती म्हणे, "चल आत." तो म्हणे, "अम्मी, मोठा होऊ दे. त्याले विचारू, मंग करू."

"तुले कोणी विचारलं होतं?"

"नाही, म्हणूनच म्हणून राहिलो."

मी शाळा फार शिकलो नाही, पण पोरगा मायचं ऐकत नसला तं मले खपत नाही. मी बंडी वर करून पोटावरचे डाग दाखवले. "हे पाह्य गा. लहानपणी पोट फुगलं तं मायनं तापल्या विळ्यानं डागलं. मलेही कोणी विचारलं नाही. जगलो ना?"

त्यानं तिन्ही डाग नीट पाहिले. मंग हळूच म्हणाला, "बाबाजी, तुम्ही कोणाले डागलं का?"

"पोरीले. दीड महिन्याची होती."

"आता कुठं असते ती?"

डागल्यावर पाचव्या दिवशी पोरगी गेली. घरी आम्ही पोटदुखीनं गेली म्हणतो. मी बंडी खाली ओढली.

तो पोराले घेऊन बाहेर निघाला. माय मागून बोलतच होती. त्याचं म्हणणं मले अजून पटत नाही. पण त्या दिवसापासून मी कोणासमोर बंडी वर केली नाही.