सासूबाईंसोबत ग्रंथपालाचा कोर्स

गावच्या हायस्कुलातले ग्रंथपाल निवृत्त झाले, तेव्हा मुख्याध्यापक मला म्हणाले, "तुम्ही बी.ए. आहात, वाचनही आहे. ग्रंथालयाचा प्रमाणपत्र कोर्स करून टाका, मी तुमचं नाव संस्थेकडे पाठवतो." मला इतका आनंद झाला की रात्री जेवताना मी ते सगळ्यांसमोर बोलून टाकलं. तिथेच चुकलं. आधी एकट्या नवऱ्याला सांगायला हवं होतं.

सासूबाई ताकात भात कालवत होत्या. सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झालेली, आणि निवृत्त व्हावं लागल्याचा त्यांना अजून राग होता. सकाळी वाडीत माडांना पाणी सोडून झालं की उरलेला दिवस कुणाला तरी शिकवल्याशिवाय कसा काढायचा, हे त्यांना कळत नसे. ते 'कुणीतरी' बहुतेक वेळा मीच असे.

"वयाची अट आहे का गं त्या कोर्सला?" त्यांनी विचारलं.

"नसावी. दहावी पास पाहिजे, बस."

"मग मीही येत्ये."

नवरा ताटात बघून हसायला लागला. मी म्हटलं, "आई, तुम्हाला कशाला ती दगदग? फेरीबोट, मग पलीकडून एसटी, घरी यायला संध्याकाळ."

"म्हणूनच. एवढ्या लांब तू एकटी कशी जाशील?"

मी दोन मुलांची आई होते. लग्नाआधी पुण्यात एकटी राहून नोकरी केलेली होती. पण नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, तुला सोबत होईल." विषय संपला.

वर्ग शनिवार-रविवारी मुरूडला भरत. दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरायचं आणि तिथून एसटी. बोटीत पर्यटकांच्या गाड्या खेटून लागलेल्या, त्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभं राहून सासूबाई माझी उजळणी घ्यायच्या, मोठ्याने, वर्गात घेतात तशी. मला उत्तर येत असलं तरी एवढ्या माणसांत तोंड उघडवत नसे. मग त्या शेजारच्या मोटारसायकलवाल्याला सांगायच्या, "येतं तिला. सांगत नाही."

पहिल्याच दिवशी त्या पहिल्या बाकावर जाऊन बसल्या आणि मला शेजारी बसवलं. आम्हाला शिकवणारे सर माझ्याहून लहान होते. त्यांनी सगळ्यांची ओळख विचारली. माझी पाळी आली तेव्हा मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "ही माझी सून. हुशार आहे, पण घाई करते. तिला जरा सावकाश सांगा."

सर बिचारे सज्जन. त्यांनी ते मनावर घेतलं. पुढे कोर्स संपेपर्यंत प्रत्येक मुद्दा झाला की माझ्याकडे बघून विचारायचे, "समजलं ना ताई?" मागच्या बाकांवरच्या मुली खुदकन हसायच्या.

दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यात सरांनी फळ्यावर 'वर्गिकरण' लिहिलं. सासूबाई उठल्या, डस्टर घेतलं, ऱ्हस्व वेलांटी पुसून दीर्घ केली आणि येऊन जागेवर बसल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सर मात्र "थँक्यू बाई" म्हणाले. त्या दिवसापासून त्या साऱ्या वर्गाच्या बाई झाल्या. मधल्या सुट्टीत मुली त्यांच्या डब्यातल्या घावण्यांभोवती जमायच्या. मी 'बाईंची सून'. माझं नाव कुणाला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

खरा वैताग प्रकल्पाच्या वेळी आला. प्रत्येकाने एखाद्या खऱ्या ग्रंथालयातलं एक कपाट लावायचं होतं. पुस्तकांची नोंद करायची, विषयाप्रमाणे क्रमांक द्यायचे, प्रत्येक पुस्तकाचं तालिका-पत्र, म्हणजे लेखक, नाव, विषय लिहिलेलं कार्ड, तयार करायचं आणि परीक्षक येतील तेव्हा सगळं दाखवायचं. आम्ही अर्थातच आमच्या हायस्कुलातली दोन कपाटं घेतली. मुख्याध्यापकांनी चावी देताना बजावलं, "पुस्तक हरवता कामा नये. तपासणीत मला उत्तर द्यावं लागतं." ती भीती इतकी जुनी होती की मुलांना पुस्तकं देणंच कधीतरी बंद पडलेलं. ग्रंथालयाच्या खोलीत एका कोपऱ्यात लेझीम, दुसऱ्यात मोडके नकाशे आणि मध्ये कुलूपबंद कपाटं.

मी रोज दुपारी जाऊन काम करत होते. सासूबाईही यायच्या, पण एक पुस्तक उघडलं की त्या ते वाचतच बसायच्या. माझं कपाट निम्म्याच्या वर झालं तरी त्यांचा पहिला कप्पा संपेना. "आई, परीक्षक येतील," असं मी म्हटलं की म्हणायच्या, "आत काय आहे ते वाचल्याशिवाय विषय कसा ठरवणार?" मी म्हणायचे, "अनुक्रमणिका बघून." त्या म्हणायच्या, "तुझी घाई नडणार आहे तुला."

मग मुलांना ताप आला म्हणून मला काही दिवस घरी राहावं लागलं. त्या एकट्याच जात होत्या आणि खुशीत परत येत होत्या. "काम छान चाललंय," म्हणायच्या. मी पुन्हा गेले, कपाट उघडलं, तर माझ्या कप्प्यांना खिंडारं पडलेली. गोष्टींची पुस्तकं जवळजवळ सगळी गायब.

"आई, पुस्तकं कुठायत?"

"मुलांनी नेली वाचायला."

"कुठल्या मुलांनी?"

"मधल्या सुट्टीत खिडकीशी यायची गं. मग मी दारच उघडलं."

"नावं लिहून घेतलीत का?"

"सगळ्यांना मी ओळखत्ये," त्या म्हणाल्या. "आयांनासुद्धा शिकवलंय त्यांच्या."

मी डोक्याला हात लावून लेझमींच्या ढिगावर बसले. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले. त्यांनी कपाट बघितलं आणि मलाच म्हणाले, "ताई, मी तुमच्यावर विश्वास टाकला होता." सासूबाईंना बोलायची त्यांची हिंमत नव्हती. चौथीपर्यंत ते त्यांच्याच हाताखाली शिकलेले.

परीक्षक यायला आठवडाही उरला नव्हता. त्या संध्याकाळपासून मी घरोघर फिरले. सासूबाई सोबत होत्या, आणि प्रत्येक घरी चहा, चौकशी, कुणाच्या धाकट्याचं अक्षर कसं सुधारेल यावर सल्ला. मी दारात पिशवी घेऊन उभी. एका पुस्तकाला वर्तमानपत्राचं नीट कव्हर घातलेलं होतं. एक दप्तरात भिजून फुगलेलं. एक शेजारच्या घरी गेलेलं, तिथून मामाच्या गावाला. कोळीवाड्यात एका मुलीने ग्रहताऱ्यांचं पुस्तक मागे धरलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"न्हाय देत ती," तिची आई म्हणाली. "कवाची सांगतंय मी. अजून वाचायचं हाय म्हनते."

मी वाकून तिला म्हटलं, "चार दिवसांनी परत देईन. नक्की."

"तुमी कपाटाला कुलूप लावता," ती म्हणाली.

मला तिच्यावरही चिडावंसं वाटलं आणि चिडता येईना. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "राहू दे तिच्याकडे. तू इथेच बसून कार्ड लिही." मी त्या ओसरीवर, सुकटीच्या वासात, मांडीवर वही घेऊन त्या पुस्तकाचं कार्ड लिहिलं. मुलीने पुस्तक हातातून सोडलं नाही. एकेक पान तीच उलटून दाखवत होती.

परीक्षक आले तेव्हा जवळजवळ सगळं जागेवर होतं. माझं कपाट बघून ते म्हणाले, "नीटनेटकं आहे." एक कार्ड उचलून त्यांनी विचारलं, "हे पुस्तक कुठाय?"

"वाचायला दिलंय," मी म्हटलं.

"कुणाला?"

या वेळी मी नाव लिहून घेतलेलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि ते सासूबाईंकडे वळले. त्यांच्या एका कार्डावर ते थबकले. पुस्तक अनुवादित होतं, आणि सासूबाईंनी मुख्य नोंद लेखकाच्या नावावर न करता अनुवादिकेच्या नावावर केली होती.

"बाई, नियम माहीत आहे ना? मुख्य नोंद लेखकाच्या नावाने."

"माहीत आहे. पण त्या लेखकाला मराठी येत होतं का?"

"त्याचा काय संबंध?"

"हे सगळं मराठी जिने लिहिलं तिला खाली बारीक अक्षरात टाकायचं? मला नाही पटत."

मी त्यांचा पदर ओढला. उपयोग झाला नाही. लेखी परीक्षेतही त्यांनी तेच केलं, आणि का केलं ते पानभर लिहिलं.

निकाल लागला. मी पहिल्या वर्गात पास. सासूबाई वर्गीकरणात माझ्यापेक्षा पुढे आणि तालिकेच्या पेपरात नापास. सगळ्या नोकरीत त्यांनी किती मुलांना नापास केलं असेल, पण स्वतः पहिल्यांदाच झाल्या. दोन दिवस त्या सकाळ-संध्याकाळ माडांना पाणी सोडत राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फेरपरीक्षेची चौकशी केली.

मी प्रमाणपत्र घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, "अभिनंदन ताई. पण पट कमी झालाय. पूर्ण पद आता मिळत नाही, अर्धवेळच आहे. तेही वरून मान्यता आली की." मान्यता अजून आलेली नाही. तोवर संस्था मला मानधनावर ठेवून घेते आणि दर सत्राला नवा अर्ज लिहायला लावते. लेझमी अजून त्याच खोलीत आहेत. मी कपाटं उघडी ठेवते, त्यावरून मुख्याध्यापकांशी महिन्यातून एकदा तरी वाजतं.

घरी संध्याकाळी सासूबाईंना तालिका शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. हे मी मागितलं नव्हतं. काल मी एक अनुवादित पुस्तक समोर ठेवलं आणि म्हटलं, "आई, एवढंच करा. लेखक वर, अनुवादक खाली. एकदा पास झालात की मग काय वाटेल ते करा."

त्यांनी चष्मा लावला, कार्ड पुढे ओढलं आणि पेनाचं टोपण काढून परत लावलं.

"लिहा ना."

"तू आधी त्या नियमाचं कारण सांग."

 मी उठून कुकर लावायला गेले.