कापडवाल्यांची सायकल

तुमचे पत्र आणि सोबतचे वर्तमानपत्राचे कात्रण पोचले. रविवारी सकाळी तुमच्या तिकडच्या गावातले वीसेक जण सायकलींवर नदीकाठाने लांबवर जाऊन आले, त्याची ती बातमी. नातवाचे नाव छापले आहे, त्याच्या दोन मित्रांचेही आहे. नात त्याच फेरीत शेवटपर्यंत होती. फोटोच्या कडेला तिची वेणी दिसते, पण मजकुरात ती ‘आणि इतर’ झाली आहे. “त्यात काय एवढं, आजी?” असे तिने खाली लिहिले आहे.

त्यात काय एवढे, ते सांगते. यात मी कुणाचे नाव घालणार नाही, कारण त्या माणसांची नातवंडे अजून कोल्हापुरात आहेत आणि रस्त्यात भेटतात. माझे नाव तुम्हाला ठाऊक आहेच.

ही गोष्ट महाराजांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या काही वर्षांतली. तेव्हा एका आळीत फार तर एक सायकल असायची. सायकल माणसाची नव्हे, घराची. घरातला जो मोकळा असेल तो घेऊन जाई, शेजारीही मागून नेत. सगळ्यांची दुरुस्ती एकाच दुकानात व्हायची. दुकान एका मुसलमान मिस्त्रींचे. त्यांचे वडील टांग्यांची चाके करीत. मिस्त्रींनी पहिली सायकल खोलली ती कुणी न शिकवता, आणि पुन्हा जोडली तेव्हा एकही स्क्रू उरला नाही, हे ते अभिमानाने सांगत.

त्या दुकानाच्या भिंतीवर शाळेतून टाकून दिलेला एक काळा फळा टांगला होता. रविवारी उजाडता आठदहा सायकली तिथून निघायच्या, कळंब्याच्या तलावाच्या बांधापर्यंत जायच्या, तिथे भडंग खायचे, आणि परतायचे. परतल्यावर मास्तर फळ्यावर खडूने फेरीची बातमी लिहीत. मास्तर म्हणजे पेन्शनीत निघालेले एक हेडमास्तर, या मंडळीचे चिटणीस. कुठली सायकल बांधापर्यंत पोचली, कुठली अर्ध्यातून फिरली, पंक्चर कुठे झाले, रस्ता कुठे उखडलाय, सगळे वळणदार अक्षरात. सोमवारी लोक टांगे थांबवून ते वाचत.

पण फळ्यावर माणसाचे नाव नसे. ‘डॉक्टरांची सायकल’, ‘सराफांची सायकल’ असे असे. आमच्याकडे गाड्यांच्या शर्यतीत बैल कुणाचे ते पुकारायचे, हाकणाऱ्याला कोण विचारतो? तीच रीत सायकलीला लागली. कुणाला त्यात वावगे वाटत नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते.

आमचे घर जैन, वडिलांचे म्हणजे आप्पांचे कापडाचे दुकान. तेव्हा आमची ‘कापडवाल्यांची सायकल’. थोरल्या भावासाठी घेतलेली. तो पुण्याला शिकायला गेला आणि सायकल पडवीत धूळ खात उभी राहिली. मी मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले होते, सतरावे सरले होते आणि लग्न झाले नव्हते. आईला, म्हणजे आव्वाला, यातली शेवटची गोष्ट तेवढी दिसायची.

मी परसात सायकल शिकले. पडले किती वेळा ते मोजले नाही. एक दिवस आप्पा दुकानातून लवकर आले आणि दारात उभे राहून बघत राहिले. मला वाटले, संपले सगळे.

“घाण्याच्या बैलासारखी काय फिरतीस?” ते म्हणाले. “चालवायची तर रस्त्यावर चालव. दिवसाउजेडी, चारचौघांत.”

“आणि उद्या मांडवात कोण बसणार?” आव्वा आतून ओरडली. “सायकल?”

पुढच्या रविवारी मी मिस्त्रींच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिले. लुगड्याला कासोटा असला की दांड्याच्या सायकलीवर बसायला बाईला काहीच अडत नाही. विलायतेतल्या बायकांना म्हणे वेगळी, दांडा नसलेली सायकल लागायची. आम्हाला नाही लागली. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले, चष्मा पुसला आणि स्वतःची सायकल एक हात पुढे सरकवून मला रांगेत जागा करून दिली.

कळंब्याचा रस्ता तेव्हा मुरमाचा, मधोमध गाड्यांच्या चाकोऱ्या. त्यात पुढचे चाक अडकले की माणूस उसात. अर्ध्या वाटेवर एक गाडीवान समोरून आला. मला बघून त्याने कासराच ओढला.

“आरं थांबा थांबा! ही बाई हाय का बाप्या?”

“बाई हाय!” मी ओरडले. “बैल धरा पावणं, बुजतील!”

“बैल कुठलं बुजत्यात, मीच बुजलो की!”

सगळी मंडळी हसली. मीही हसले, आणि हसता हसता चाकोरी चुकवली. त्या दिवशी फळ्यावर आले, ‘कापडवाल्यांची सायकल : बांधापर्यंत, जाऊन येऊन, पंक्चर नाही.’ मी ते तीनदा वाचले. पुढे पाच रविवार तसेच गेले.

त्याच सुमारास महाराजांनी खेड्याखेड्यांत सक्तीच्या शाळा काढायला घेतल्या होत्या. कळंब्याच्या थोडे पलीकडे, गारगोटीच्या रस्त्याला लागून असलेल्या एका खेड्यात मुलींच्या वर्गाला शिकवायला बाई हवी होती. मी अर्ज केला. ज्या साहेबांच्या हाती ती नेमणूक होती त्यांनी मला समोर बसवून विचारले, “त्या गावात राहायची सोय नाही. रोज जाणार कशा?”

“सायकलवर.”

“इतकं लांब?”

“दर रविवारी त्याच रस्त्यानं जाते. मिस्त्रींच्या फळ्यावर आहे.”

“फळा मी दर सोमवारी वाचतो,” साहेब म्हणाले. “त्यावर तुमच्या भावाची सायकल असते.”

“भाऊ पुण्याला आहे.”

“असेल. मला फळ्यावर सायकल दिसते, तुम्ही दिसत नाही. तुमचं नाव दाखवा, मग बोलू. पुढच्या सोमवारी मी जागा भरणार आहे.”

म्हणजे माझ्या हातात एकच रविवार होता. ही जागा गेली तर इचलकरंजीकडचे एक स्थळ आव्वाने तयारच ठेवले होते. त्यांनी आधीच कळवले होते की मुलगी घरात राहणारी हवी.

मी तिथून उठले ती थेट फळ्यापाशी. दुकानात मास्तर होते, डॉक्टर होते, डॉक्टरांचा कंपाउंडर चेनला तेल घालत होता. मी मास्तरांना सगळे सांगितले आणि म्हणाले, “या रविवारी माझं नाव लिहा.”

“तसं करता येत नाही, बाळ.”

“का?”

“फळ्यावर सायकल लिहायची, स्वार नाही. तुझं लिहिलं तर सगळ्यांचं लिहावं लागेल. रीत म्हणजे रीत.”

“बरं. मी तुमची सायकल घेऊन गेले तर?”

“तर मास्तरांची सायकल बांधापर्यंत गेली असं होईल.”

डॉक्टर खो खो हसले. “पोरी, माझी घेऊन जा. माझं तरी नाव होऊ दे!”

मास्तर वाईट माणूस नव्हते. म्हणूनच मला जास्त राग आला. वाईट माणसाशी भांडता येते. चांगला माणूस चुकीच्या रीतीला चिकटून बसला की त्याच्यापुढे डोके आपटायचे कुठे? मी म्हणाले, “मास्तर, मी दर आठवड्याला कळंब्याच्या चढावर तुमच्या पुढं असते. तुम्ही माझी पाठ बघत येता. तरी तुम्हाला मी दिसत नाही?”

मास्तर खडूची डबी उघडझाप करीत राहिले.

मी निघाले तसे मिस्त्री मागून आले. “अक्का, इकडं या जरा.”

दुकानाच्या मागच्या बाजूला भिंतीला टेकून एक सायकल उभी होती. अशी सायकल मी आजवर पाहिली नव्हती. एक चाक काळे, एक तांबूस. हँडल एकीकडे झुकलेले.

“ही कुणाची?”

“हेच तर इचारतोय तुमास्नी,” मिस्त्री म्हणाले. “हँडल डॉक्टरांचं, वाकलं म्हणून टाकलं. मागचं चाक मास्तरांचं. सीट सराफांची. सांगाडा कुणाचा ते अल्लाला ठाऊक. म्या जोडली, पण माल सगळ्यांचा. माझी म्हणाय तोंड न्हाय मला.”

मी त्यांच्याकडे बघितले. ते गंभीर होते, फक्त मिशी हलत होती.

“चालते का?”

“चालती की. चेन निसटती चढाला. तेवढं सोसा.”

रविवारी मी त्या सायकलीवर निघाले. मास्तरांनी आपले जुने चाक ओळखले आणि कपाळाला आठी घातली. चेन तीनदा निसटली. दोनदा उतरून बसवली. तिसऱ्यांदा चढावरच निसटली आणि मी उसाच्या बांधावर गुडघ्यावर आपटले. डॉक्टर थांबले, म्हणाले, “राहू दे आता. मागून गाडी येतेय गुळाची, बसून जा.”

“तुम्ही पुढं व्हा,” मी म्हणाले. हात काळे, लुगड्याला तेलाचे पट्टे, गुडघ्यातून रक्त. चेन बसवली आणि तलावाच्या बांधापर्यंत गेले. सगळ्यांच्या शेवटी पोचले. भडंग संपले होते. तशीच परत फिरले.

दुकानापाशी सगळे थांबून होते. मास्तरांनी खडू घेतला आणि डॉक्टरांची सायकल लिहिली, सराफांची लिहिली, स्वतःची लिहिली. मग हात थांबला.

“ही कुणाची म्हणून लिहू?” त्यांनी मिस्त्रींना विचारले.

“माझी न्हाय.”

“हँडल माझं,” डॉक्टर म्हणाले, “पण हँडलनं काय सायकल होत नाही.”

“मागचं चाक तुमचं हाय, मास्तर,” कंपाउंडर म्हणाला. “मास्तरांची अर्धी सायकल लिवा.”

“गप रे.” मास्तर खरोखर अडचणीत होते. खोटे लिहिणे त्यांना जमत नव्हते, आणि गेलेली सायकल गाळणेही जमत नव्हते. फेरी झाली होती, सगळ्यांनी पाहिली होती.

मिस्त्री हात पुसत पुढे आले. “मास्तर, बैलच कुणाचं न्हाईत, तर हाकणाऱ्याला लिवा की! त्यात काय एवढं?”

मास्तरांनी खडू माझ्यापुढे धरला. “तूच लिही. चूक झाली तर तुझी.”

मी लिहिले. माझे नाव, मग आप्पांचे, मग आडनाव. खाली ‘बांधापर्यंत, जाऊन येऊन.’ खडूवर काळे बोट उमटले, फळ्यावर तेलकट डाग पडला. तो मी पुसला नाही.

सोमवारी सकाळी मी फळ्याशेजारी उभी राहिले. साहेबांचा टांगा आला, थांबला. त्यांनी वाचले, मग माझ्या गुडघ्याच्या पट्टीकडे पाहिले.

“हे एकदाचं झालं,” ते म्हणाले. “रोज जमेल?”

“जमेल. रोज फळ्यावर लिहायला हवं का? मास्तरांना खडू मी पुरवते.”

टांगेवाला हसला. साहेब हसले नाहीत, पण दुपारी नेमणुकीचा कागद घरी आला. तीन महिन्यांची जागा. मी ती नऊ वर्षे सांभाळली. इचलकरंजीच्या स्थळाने निरोप पाठवला की त्यांना नको. पुढे आलेले स्थळ मला सायकलीसकट करून घेणारे, आणि त्यांचीच तुम्ही नातवंडे.

एक राहिले. त्याच्या पुढच्या रविवारी डॉक्टरांचा कंपाउंडर मास्तरांपुढे जाऊन उभा राहिला. “माझंबी लिवा. डॉक्टर म्हैन्यातून एकदा येत्यात, बाकीच्या रविवारी मीच गेलतो.” मास्तरांनी मुकाट्याने लिहिले. वर्षभरात फळ्यावर एकही घर उरले नाही, सगळी माणसे झाली.

कात्रण याच पाकिटात परत पाठवते आहे. नातीने ते घेऊन स्वतः त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जावे. पत्र पाठवू नये, जावे. फोटोतल्या वेणीवर बोट ठेवावे आणि नाव छापून येईपर्यंत तिथून उठू नये. आणि “त्यात काय एवढं” हे वाक्य त्यांना म्हणू द्यावे, आपण म्हणू नये.