अनोळखी नंबर शांत ठेवा

फोन विकला की कंपनी दोन-तीन वर्षं त्याची विचारपूस करते आणि मग सोडून देते. फोन चालत असतो, पण त्याच्यासाठी नवं काही येत नाही. अशा टाकून दिलेल्या फोनांसाठी काही रिकामटेकडे लोक अँड्रॉइडची स्वतःची आवृत्ती तयार करून फुकट वाटतात. तिला कस्टम रॉम म्हणतात. सांगलीतल्या एका तंत्रनिकेतनात संगणक शिकवून उरलेल्या वेळात मी हे काम करायचो. आमच्याकडे एक स्वस्त, जुनं मॉडेल होतं आणि आम्ही तिघं होतो. एक हैदराबादचा, एक पोलंडचा आणि मी. त्या दोघांना मी आजवर प्रत्यक्ष भेटलेलो नाही.

या कामात पैसा नाही, म्हणून थाट भरपूर आहे. प्रत्येक नव्या आवृत्तीला भारदस्त नाव, बोधचिन्ह आणि लग्नपत्रिकेच्या वळणाची घोषणा. आभारांची यादी इतकी लांब, की त्यात एकाच्या मांजरीचाही समावेश होता. आमच्या प्राचार्यांना कुठूनतरी ही बातमी लागली आणि त्यांनी गॅदरिंगमध्ये माझा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला, आणि मी मोबाइलच्या क्षेत्रात सांगलीचं नाव सातासमुद्रापार नेलं असं सांगितलं. पुढच्या रांगेतल्या एका विद्यार्थ्यानं त्या वेळी फोनमधून मान वर केली नव्हती. सगळ्या सभागृहात मला तोच समंजस वाटला.

पण थाटाखाली एक खरी सत्ता होती आणि ती मला आवडायची. डीफॉल्ट ठरवण्याची सत्ता. फोन पहिल्यांदा सुरू झाला की अक्षरं किती मोठी दिसावीत, कळा दाबल्यावर आवाज यावा की नाही, पडदा किती वेळानं विझावा, हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. ते बदलता येतं, पण बदलतो कोण? सेटिंगचं पान उघडणारी माणसं मी आयुष्यात मोजकीच पाहिली आहेत, आणि ती बहुतेक माझ्यासारखीच निरुपयोगी होती. बाकीची माणसं मिळेल तो फोन तसाच वापरतात. म्हणजे आम्ही तिघं एका संध्याकाळी जे ठरवणार, त्यात काही हजार माणसं राहणार.

त्या वेळी कर्ज देणाऱ्या, विमा विकणाऱ्या आणि बँकेतून बोलतोय म्हणून लुबाडणाऱ्या फोनांनी लोक वैतागले होते. फोनच्या यादीत नसलेल्या नंबरांचा आवाजच येऊ नये अशी सोय आम्ही केली. फोन येईल, पडदा उजळेल, मिस्ड कॉल म्हणून नोंदही राहील, फक्त रिंग वाजणार नाही. मराठी भाषांतर माझ्याकडे होतं. 'अनोळखी नंबर शांत ठेवा' असं मी लिहिलं आणि त्या वाक्यावर खूष झालो. ही सोय सुरुवातीपासून चालू ठेवायची की बंद, एवढाच प्रश्न उरला.

हैदराबादवाला म्हणाला, बंद ठेवू. त्याच्या वडिलांच्या दवाखान्यातून दर वेळी वेगळ्या नंबरवरून फोन येतो.

मी लिहिलं, ज्याला खरंच काम असतं तो पुन्हा फोन करतो.

पोलंडवाल्यानं त्यावर हसरा चेहरा टाकला आणि दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. सोय चालू राहिली.

माझी मावशी पाटणच्या पुढं, कोयनेच्या खोऱ्यात एका वाडीत राहते. तिचा एकुलता एक मुलगा फौजेत होता. त्या वाडीत हे सांगायची गरज पडत नाही. कोणत्या घरातलं कोण फौजेत नाही तेवढं सांगितलं तरी पुरतं. घरात मावशी आणि सून. सुनेचा फोन काच फुटून बंद पडला होता, सुट्टीवर आल्यावर नवा घेऊ असं नवऱ्यानं सांगितलं होतं. मावशीचा फोन बटणांचा होता आणि तोही मरायला टेकला होता. म्हणून मी आमच्या मॉडेलचा एक जुना फोन घेतला, त्यावर आमचा रॉम चढवला, मोठी अक्षरं केली, मराठी केली, त्यात मुलाचा, माझा, दिराचा, दुकानाचा असे नंबर भरले आणि नेऊन दिला. मावशीनं तो दोन्ही हातांत धरून बघितला.

'तू बनवलास व्हय ह्यो?' तिनं विचारलं.

'वरचा डबा कंपनीचा आहे. आतलं आम्ही केलंय.'

'म्हंजी जेवान तुझं आन् भांडं त्येंचं.'

याहून चांगली व्याख्या मी आजवर वर्गातही दिलेली नाही.

फौजी घरांतली एक रीत मला लहानपणापासून माहीत होती. त्या घरांत अनोळखी नंबर कधी टाळत नाहीत. पोरगा वर ठाण्यावर जाताना स्वतःचा फोन जमा करतो आणि जाता जाता ज्याचा मिळेल त्याच्या फोनवरून घरी बोलतो. कधी हरियाणाच्या सोबत्याचा, कधी कँटीनवाल्याचा. मावशी तर कर्ज विकणाऱ्या मुलीशीही आधी दोन मिनिटं बोलायची, मधे आपल्या पोराचा आवाज येईल म्हणून. हे सगळं मला ठाऊक होतं. सांगलीत बसून डीफॉल्ट ठरवताना ते मला आठवलं नाही. वापरणारा माणूस म्हणून माझ्या डोळ्यांपुढं मी स्वतःच होतो.

फोन दिल्यानंतर चौथ्या महिन्यात माझा मावसभाऊ गेला. लढाई नव्हती. डोंगरातल्या रस्त्यावरून गाडी खाली गेली. तोवर तो खाली तळावर होता आणि स्वतःच्याच फोनवरून बोलायचा. गेला त्याच्या आदल्या दिवशी दुपारी, वर जाताना, त्यानं एका सोबत्याच्या फोनवरून घरी तीन वेळा फोन केला होता. मावशी त्या वेळी घरातच तांदूळ निवडत बसली होती. फोन हाताच्या अंतरावर, कोनाड्यात पडदा भिंतीकडं करून ठेवलेला. संध्याकाळी तिनं मिस्ड कॉल पाहिले आणि उलट फोन लावला. तो बंद होता. नंबर त्याच्या सोबत्याचा होता, हे पुढं शवपेटीबरोबर आलेल्या जवानानं सांगितलं.

ज्याला खरंच काम असतं तो पुन्हा फोन करतो. त्यानं केला होता.

अंत्यविधीला पाटणपासून वाडीपर्यंत फ्लेक्स लागले. प्रत्येक फ्लेक्सवर तो मधे होता आणि श्रद्धांजली वाहणारे भोवतीनं, त्याच्यापेक्षा ठळक. एका पुढाऱ्याचा फोटो नमस्काराऐवजी विजयाची दोन बोटं दाखवणारा होता. निवडणुकीचाच उरलेला असणार. भाषणं झाली. एका वक्त्यानं त्याला सीमेवर लढता लढता वीरमरण दिलं, दुसऱ्यानं त्याचं गाव चुकवलं. मावशी खाली सतरंजीवर बसून होती. तिच्यासमोर माइक धरायला आलेल्या माणसाला दिरानं हात धरून बाजूला नेलं, त्या दिवसातलं ते एकमेव शहाणपणाचं काम.

तिसऱ्या दिवशी मावशीनं मला आत बोलावलं. माजघरात दहा-बारा बायका होत्या. सून दाराशी उभी होती. मावशीनं फोन माझ्या हातात दिला.

'बग. तीन येळा केलावता त्येनं. मी हितंच हुते. वाजला न्हाई. तू ह्येतला जाणकार हायस, सांग कशानं वाजला न्हाई.'

मी पाहिलं. रिंगचा आवाज पूर्ण मोठा होता. एकाच अनोळखी नंबराचे तीन मिस्ड कॉल, एकापाठोपाठ एक. मला कळायला एक क्षणही लागला नाही.

'कधी कधी रेंज नसते, मावशी,' मी म्हणालो.

'रेंज न्हवती तर तीन येळा आल्याचं दावतंय कसं?'

ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली आहे. उत्तर मला माहीत होतं आणि मी ते दिलं नाही. बायकांची डोकी एकेक करून दाराकडं वळली.

'सकाळी फोन हिच्याजवळ हुता,' मावशी म्हणाली. 'व्हिडू बगत हुती. हिनंच गप केला.'

मी फोन परत दिला आणि 'बघतो' म्हणालो. त्या खोलीत निकाल लागला तो माझ्या त्या एका शब्दानं. जाणकार माणूसही सुनेच्या बाजूनं काही बोलला नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

तेराव्यानंतर सुनेचा भाऊ येऊन तिला खंडाळ्याला माहेरी घेऊन गेला. पुन्हा बोलावणं आलं नाही. मी सांगलीला परतून ते डीफॉल्ट बदललं. हैदराबाद-पोलंडच्या दोघांनी कारण विचारलं नाही. बदलांच्या यादीत मी लिहिलं, 'कॉलसंबंधी किरकोळ सुधारणा'. ही सुधारणा फक्त नव्यानं रॉम चढवणाऱ्यांना लागू होती. आधीच्या फोनांत जुनं डीफॉल्ट बसलेलं होतं ते तसंच राहिलं, मावशीच्या फोनातही.

पुढचे अकरा महिने मी काय केलं, तर परीक्षा घेतल्या, पेपर तपासले. दर रविवारी पाटणला जायचं ठरवलं आणि दर रविवारी मला काहीतरी काम निघालं. मग दिराकडून कळलं की वर्षश्राद्धाला सुनेला बोलावायचं नाही असं मावशीनं सांगितलंय. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला बायको नाही, म्हणजे ती त्या घराची उरली नाही, हे त्या भागात कुणाला फोडून सांगावं लागत नाही. पंधरा दिवस उरले होते. मी निघालो, आणि इथं आणखी एक चूक केली. आधी खंडाळ्याला गेलो. तिची माफी आधी मागावी असं मला वाटलं.

तिनं पाणी दिलं आणि समोर भिंतीला टेकून उभी राहिली. मी सगळं सांगितलं. 

'म्हंजी मी न्हवतं केलं,' ती म्हणाली.

'नाही. तुला माहीतच होतं की.'

'कुठं दादा. आत्यांची पूजा चालू हुती म्हणून मी व्हिडूचा आवाज कमी केलावता. त्येवढं केलंवतं मी. मग सगळी म्हणाय लागल्यावर मलाबी वाटलं, लागलं आसंल काय तर दुसरं माझ्या हातानं. वरीस झालं, रोज मी मनातल्या मनात त्योच फोन हातात धरून बगतीया, कुठं बोट लागलं ते.'

'व्हिडिओचा आवाज वेगळा, रिंगचा वेगळा,' मी म्हणालो. बोलता बोलता मला त्या वाक्याची लाज वाटली.

'मला सांगून काय हुतंय आवं. त्यास्नी सांगा.'

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मावशीसमोर बसलो. फोन तिनं मुलाच्या काळ्या ट्रंकेत, त्याच्या कपड्यांवर ठेवला होता. दीर त्याचा रिचार्ज मात्र चुकवत नव्हता. फोन कोनाड्यात चार्ज होईपर्यंत आम्ही चहा घेतला. मी खिशात दुसरा फोन आणला होता, नवं कार्ड घातलेला. आधी माझ्या नेहमीच्या नंबरवरून लावला. कोनाड्यात फोन खणखणीत वाजला. मावशी दचकली. मग नव्या नंबरवरून लावला. पडदा उजळला, विझला. आवाज नाही.

'म्हंजी तुझा वाजतो,' मावशी म्हणाली.

'वाजतो.'

'आन् त्येचा न्हाई वाजला.'

'यादीत नसलेला कुणाचाच वाजत नाही. मी तसं ठेवलं होतं, मावशी. तिनं नाही. फोन तुझ्या हातात यायच्या आधीच मी ते करून ठेवलं होतं.'

'आदीच? तवा तुला ठावं हुतं व्हय त्यो कुणाच्या फोनवरनं बोलणार हाय ते?'

'नाही.'

'मग ठावं नसताना बंद कसा करशील?'

मी पुन्हा समजावलं. डीफॉल्ट म्हणजे काय, लोक सेटिंग का बदलत नाहीत, आम्ही तिघांनी कसं ठरवलं. वर्गात तेच वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला जितकं सोपं करता येतं तितकं केलं. मावशी माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. लहानपणी मी शाळेत जायचं टाळायला पोट दुखतं म्हणायचो तेव्हा ती असंच बघायची.

'काल खंडाळ्याला गेलतास न्हवं?'

मी हो म्हणालो.

'मला सकाळीच कळलं. तिनं धाडलं तुला.'

'मीच गेलो होतो.'

'चांगला हायस तू. तिच्यापायी येवढं आपल्या अंगावर घेतोयस. पर माझ्याम्होरं खोटं बोलू नगंस लेका. तू त्या दिशी सांगलीत हुतास. फोन हितं हुता. घरात आमी दोघीच.'

'मावशी, तू आत्ता बघितलंस ना. अनोळखी नंबर वाजला नाही.'

'बगितलं की. आजून तसाच बंद हाय तिनं केल्याला.' तिनं फोन उचलून पदरानं पुसला. मी ते सेटिंग बंद करून दाखवायला हात पुढं केला, तर तिनं फोन छातीशी धरला. 'हात लावू नगंस. हाय तसा ऱ्हाऊ दे.'

तिनं तो ट्रंकेत ठेवला आणि कुलूप लावलं. मग माझ्यासाठी शेंगांची पिशवी भरून आणली. मी घेतली.

पाटणच्या स्टँडवर कराडच्या गाडीला वेळ होता. मी खंडाळ्याला फोन लावला.

'काय म्हणाल्या आत्या?'

मी सांगितलं. काहीच गाळलं नाही.

'तुमी नीट सांगितलं न्हवं? मला सांगितलं तसंच?'

'तसंच. फोन लावूनही दाखवला.'

'बरं,' ती म्हणाली. मागं कुणीतरी तिला हाक मारत होतं. 'मग आता कुणाला काय सांगू नगासा.'