मतदानाआधीचं जेवण

मटणाच्या ताटावर तुमचं मत कधी फिरलंय का?

विद्यापीठाजवळच्या आमच्या खानावळीतल्या मावशी कुणालाच नावानं हाक मारत नाहीत, गावानं मारतात. मी ‘राधानगरी’. नको म्हटलं तरी रस्सा वाढतातच. विद्यार्थी प्रतिनिधीच्या निवडणुकीत समोरच्या उमेदवारानं मतदारांना मटणाचं जेवण दिलं. हरण्याच्या भीतीनं मीही मावशींकडं चाळीस ताटं सांगायला गेलो.

“राधानगरी, तुझं पत्रक वाचलंय की मी. वसतिगृहाच्या पाण्यासाठी भांडणार म्हणून लिवलंयस. मग मटण कशाला?”

“सगळेच देतात, मावशी.”

“मग तुलाच कशाला निवडायचं रं?”

त्यांनी ताटं घेतली नाहीत लिहून. मीही दुसरीकडं गेलो नाही.

उद्या मतदान आहे. जेवण कुणाचंही जेवला असाल, मत पाण्यासाठी द्या.