चिंध्या बांधलेली घुंगरं

माझ्या रेकॉर्डिंगमध्ये बाहेरचा कसलाच आवाज नाही, असं कुणी म्हणालं की मी विषय बदलतो.

माळेगावात आमच्या घरामागून कारखान्याकडे गाडीरस्ता जातो. गेल्या हंगामात मी मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून, अठराव्या शतकातलं इटालियन मॅंडोलिन संगीत वाजवून रेकॉर्ड करत होतो. रोज दुपारी नेमकी एक उसाची बैलगाडी जायची आणि घुंगरमाळांच्या आवाजाने वाजवलेलं सगळं वाया जायचं. एकदा खिडकी उघडून मी गाडीवानावर खेकसलो. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला तो माणूस मान हलवून निघून गेला. त्याचं नाव मी कधीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक घुंगराला जुन्या लुगड्याची चिंधी होती. तो गाडीवर न बसता बैलांपुढं कासरा धरून चालायचा. खिडकीखाली आला की खोकलासुद्धा दाबायचा.

रेकॉर्डिंग संपल्यावर पंधरा दिवसांनी तो मला रस्त्यात भेटला. अजून पायीच होता, चिंध्याही तशाच होत्या.

"गाडीवर का बसत नाही?" मी विचारलं.

"नादाबिगर बैल पाय उचलत न्हाईत, सर. मोरं कुणाला तरी चालावं लागतंय." मग हळूच म्हणाला, "झालं का तुमचं वाजवून?"

कधीच झालंय, हे मला सांगवेना.

"थोडं राहिलंय," मी म्हणालो.

"असू द्या, निवांत करा," म्हणत त्याने एक सैल झालेली चिंधी आवळली आणि तो चालू लागला.