जपूनमामांच्या गाडीचं नाक

मामांचं खरं नाव आता कागदांनाच ठाऊक. उभा जन्म काचा वाहण्यात गेला. पिकअपच्या हौद्यात लाकडी घोडी, घोडीला जुन्या गोधड्या, गोधड्यांना टेकून काचा आणि आरसे उभे. जो कोणी हात लावायला येईल त्याला मामा म्हणणार, "जपून." म्हणता म्हणता तो शब्द जिभेला असा चिकटला की काच नसली तरी सुटेना. मांजर भिंतीवरून चाललं तरी जपून, पाहुणा पाणी प्यायला तरी जपून. मग लोकांनी तेच नाव ठेवलं. मामी म्हणायच्या, "बरं झालं, अरेरे म्हणायची सवय नव्हती."

घरात जे दिसेल त्याला मामांना पिशवी हवी. रिमोटला पिशवी, चष्म्याच्या डबीला पिशवी, गाडीच्या किल्लीलाही. शिवायच्या मामी, जाड कापडाच्या, तोंडाला नाडी ओवून. नाडीची गाठ मात्र मामांची, आणि तीही दुहेरी. "या घरात पिशवीत न घातलेली मीच तेवढी उरलेय," असं मामी शेजारणीला सांगत.

पुढे मामींची मूत्रपिंडं थकली आणि मामांच्या काळजीला खरं काम मिळालं. एक दिवसाआड खाडीपलीकडच्या दवाखान्यात मशीनवर रक्त धुवून घ्यायचं. पाळी हुकली की अंगात पाणी साचायचं, छातीपर्यंत चढायचं. आडवं पडलं की श्वास पुरायचा नाही. त्यात वरचा पूल दुरुस्तीला काढलेला, कधी उघडेल ते पुलालाच ठाऊक. राहिला खालचा रस्ता. भरती आली की तो पाण्याखाली जाई. फार नाही, गुडघाभर. पण मागच्या मोठ्या भरतीला त्या गुडघाभर पाण्यातच पिकअप बंद पडली. ट्रॅक्टरवाल्यानं ओढून काढली ती घराच्या बाजूला, दवाखान्याच्या नव्हे. पाळी गेली. त्यानंतर पुढची पाळी येईपर्यंत मामी बसून झोपल्या आणि मामा बसून जागले.

गाडी मग मुक्याकडे नेली. मुका म्हणजे गॅरेजवाला. तोंडाचा पट्टा कधी थांबत नाही म्हणून हे नाव. त्यानं बोनेट उघडलं आणि दोन बोटं खाली पुढच्या चाकाजवळ नेली.

"मामा, हे बघा हिचं नाक. इथून इंजिन हवा ओढतं. माणसाचं नाक गुडघ्यावर असतं का? आणि शेजारी बॅटरी, तीही तळाशी. पाणी आलं की हिचा श्वासही जातो आणि जीवही. बनवणाऱ्यानं ही गाडी कोरड्या देशासाठी बनवली असणार."

"मग आता?"

"नाक वर न्यायचं. काचेच्या कडेनं पाईप टपापर्यंत. पण पाईपाच्या वाटेत बॅटरी बसलीय, म्हणजे ती उठवायची आणि सीटच्या मागं ठेवायची."

"सीटच्या मागं? म्हणजे हिच्या पाठीशी?" मामांनी मामींकडे पाहिलं. "गरम झाली तर? वायर घासली तर?"

"झाकणाच्या पेटीत, पट्ट्यानं आवळून. वाफ बाहेर जायला नळी. वायर पत्र्यातून जाईल तिथं रबराची कडी, आणि बॅटरीला लागूनच फ्यूज. घरात इतक्या बंदोबस्तात तर सूनही ठेवत नाहीत."

"ठेवतात," मामी म्हणाल्या. "पण फ्यूज सासूकडे असतो."

काम झालं. मामा मुक्याच्या खांद्यावरून वाकून प्रत्येक जोड पाहत होते, क्लिप आवळली की स्वतः ओढून बघत होते. शेवटी मुका म्हणाला, "मामा, एक ध्यानात ठेवा. पाण्यात कधी बंद पडलीच तर घाईनं चावी मारू नका. आधी नाकात पाणी गेलंय का ते बघा. पाणी ओढलं तर इंजिन कायमचं बसेल."

हे वाक्य मामांनी घरी येईपर्यंत घोळवलं आणि जेवतानाही. नाक वर गेलं, पण उघडंच की. धूळ जाईल. पाऊस पडेल. एखादी चिमणी काडी आणून टाकेल. सकाळी मामींच्या शिलाईतली एक पिशवी घेतली. आधी स्वतःच्या तोंडावर धरून श्वास घेऊन पाहिला. येत होता. आपल्याला येतो तर गाडीला का येऊ नये? पिशवी नाकावर चढवली, नाडी आवळली, दुहेरी गाठ मारली. कोरड्या रस्त्यावर गाडी चालली. जराशी जड वाटली, पण मामांनी तो दोष वयाला दिला, गाडीच्या आणि स्वतःच्या.

आणि मग दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला. एक मशीन बिघडलंय, आजची पाळी लवकर घेतलीय, उशीर झाला तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. मामांनी खिडकीतून पाहिलं. भरती चढत होती.

खालच्या रस्त्याच्या तोंडाशी गाडी उभी केली. काठावरच्या खांबाला पांढरा पट्टा रंगवलेला, पाणी त्याच्यावर गेलं की रस्ता बंद. पाणी पट्ट्याच्या खाली होतं, पण हातभरही खाली नव्हतं.

"जायचं का ग?"

"मला विचारताय की गाडीला?"

मामींची पावलं सुजून चपलेबाहेर आली होती. मामांनी तिकडे पाहिलं आणि गाडी पाण्यात घातली.

पहिल्या गिअरमध्ये, हळू, एका चालीनं. पाणी चाकांवर चढलं, बंपरवर आदळून दोन्ही बाजूंनी वर उडायला लागलं. फवारा काचेवर, टपावर. वायपर इकडून तिकडे. मधल्या उतारावर इंजिनाचा आवाज बदलला. आधी घोगरा, मग धापा टाकल्यासारखा. आरशात मागं काळा धूर दिसला. मामांनी पाय दाबला तसा धूर वाढला, दम घटला, आणि गाडी दोन आचके देऊन गप्प झाली.

वायपर चालूच होते. डॅशबोर्डवरच्या काट्यांमागचा दिवाही. सीटमागची बॅटरी कोरडी होती. मामांचा हात चावीकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. आधी नाक बघा. पण नाक मामींच्या बाजूला, आणि दार उघडावं तर पाणी आत.

"अहो," मामी काचेतून वर पाहत म्हणाल्या, "हे वर काय बांधलंय?"

मामांनी वायपर बंद केले.

"माझी पिशवी ना ही?"

"धूळ जाईल म्हणून. कापडातून हवा येते, मी बघितली होती ओढून."

"कोरड्या कापडातून. ही भिजून चिंब झालीय. हिचे गाल बघा कसे आत ओढलेत. ओला फडका नाकावर ठेवून तुम्ही घेता का श्वास?" त्यांनी खिडकीची काच खाली केली.

"तो हात नको, मशीनच्या सुईचा आहे. जपून."

"हा दुसरा आहे. आणि ते नाव तुमचं आहे, माझं नाही."

अर्ध्या बाहेर वाकून त्यांनी गाठ चाचपली. दुहेरी गाठ पाण्यानं फुगून दगड झालेली. मामांनी त्यांचा पदर मुठीत घट्ट धरला. मामींना धाप लागली, क्षणभर कपाळ पाईपाला टेकलं. मग त्यांनी गाठ सोडून दिली आणि बोट शिवणीत घातलं.

"कुठं कच्ची आहे ते शिवणारणीला ठाऊक," असं पुटपुटून त्यांनी एक हिसका दिला. पिशवी टर्रकन उसवली, ती ओढून काढून त्यांनी मामांच्या मांडीवर टाकली. मामींनी पाईपात बोटं घालून पाहिली. "नाक ओलसर आहे. पाणी नाही गेलं. मारा चावी."

मामांनी डोळे मिटून चावी फिरवली. इंजिन खोकलं, परत खोकलं, आणि धरलं. काळ्या धुराचा एक लोट गेला आणि मागं साधा धूर यायला लागला. गाडी पलीकडचा चढ चढली.

पाळी मिळाली. सिस्टर दारातच उभी होती, म्हणाली, "आणखी थोडा उशीर झाला असता तर बोलावलं असतं दुसऱ्याला."

मशीन सुरू झालं. मामींच्या हाताच्या नळ्यांतून रक्त जाऊ-येऊ लागलं. मामा कॉटशेजारी बसले, खिशातली उसवलेली पिशवी हातरुमालासारखी चुरगाळत. मग उठले, मामींच्या अंगावरची चादर ओढली, सवयीनं थेट नाकापर्यंत. थबकले. आणि चादर खाली घेऊन हनुवटीच्या खाली नीट बसवली.

"असू दे तिथंच," मामी डोळे न उघडता म्हणाल्या.

मामा खिडकीशी जाऊन उभे राहिले, ओहोटी लागली का ते बघत.